चांदीचे फिलिंग जाणार, मग नवे फिलिंग तडकते का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात मिनामाता कराराच्या सदस्य देशांची सहावी परिषद झाली. पाऱ्याचा वापर आणि प्रदूषण कमी करण्यासाठीचा हा आंतरराष्ट्रीय करार आहे. दातात भरायचे पारायुक्त अमाल्गम, ज्याला आपण ‘चांदी भरणे’ म्हणतो, ते २०३४ पर्यंत जगभरातून हद्दपार करायचे असे या परिषदेत ठरले. भारताने १८ जून २०१८ रोजी या कराराला मान्यता दिली, त्यामुळे हा निर्णय आपल्यालाही लागू होतो.

मी नवी मुंबईत जनरल प्रॅक्टिस करतो. दात भरणे हे माझे काम नाही, ते दंतवैद्यांचे. पण ‘जबडा दुखतोय’, ‘दाढेत सळक येते’ म्हणत अनेक रुग्ण आधी फॅमिली डॉक्टरकडेच येतात. ही बातमी आल्यापासून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला, “डॉक्टर, तोंडातली जुनी चांदी काढून टाकू का?” आणि दुसरा, “ते पांढरे सिमेंट तर लवकर तुटते म्हणतात, मग ते कशाला भरायचे?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे. दुसऱ्याला थोडा वेळ द्यावा लागेल, कारण फिलिंग का तडकते हे समजले की दवाखान्यात काय विचारायचे आणि घरी काय सांभाळायचे हे आपोआप कळते.

थोडक्यात सांगायचे तर

- जुने चांदीचे फिलिंग घट्ट असेल, त्रास देत नसेल, तर केवळ बातमी वाचून ते काढू नका.
- नवे दातासारख्या रंगाचे फिलिंग चांगले टिकू शकते. ते कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ते किती जाड आहे, त्याखाली आधार किती आहे, भरताना दात कोरडा होता का आणि समोरचा दात त्यावर नेमका कुठे टेकतो, हे जास्त महत्त्वाचे.
- भरल्यानंतर दाढ ‘उंच’ लागत असेल तर ‘होईल सवय’ म्हणून गप्प बसू नका. परत जा.

निर्णय पाऱ्यामुळे, तुटण्यामुळे नाही

चांदीच्या फिलिंगमध्ये साधारण निम्मा भाग पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबे. एकोणिसाव्या शतकापासून हे मिश्रण दंतवैद्यकात आहे आणि टिकाऊपणाबद्दल त्याची कीर्ती चांगली आहे. ते बाद होत आहे ते पर्यावरणासाठी. दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि स्मशानातल्या धुरातून पारा बाहेर पडतो, पाण्यात त्याचे मिथाइल पारा हे विषारी रूप तयार होते आणि ते माशांच्या शरीरात साठते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या अशाच पाऱ्यामुळे मासे खाणारी कुटुंबे आजारी पडली. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. कराराचे नाव तिथून आले. खाडीच्या काठी राहणाऱ्या आणि मासे खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दूरचे वाटायचे कारण नाही.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर, अपवाद वगळता, थांबवला. त्याआधी मार्च २०२२ मध्ये बाली येथील परिषदेत पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांच्यात ते वापरू नये, किंवा निदान न वापरण्याची शिफारस करावी, असे ठरले होते.

याचा अर्थ तुमच्या दाढेतली घट्ट बसलेली चांदी विष पसरवते आहे असा होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सांगितले की सुस्थितीतील फिलिंग वैद्यकीय गरज नसताना काढू नये. काढताना ड्रिलमुळे पाऱ्याची वाफ निघते, म्हणजे तेवढ्या वेळापुरता संपर्क उलट वाढतो. शिवाय प्रत्येक वेळी जुने फिलिंग काढताना आजूबाजूचा थोडा निरोगी दातही जातो, आणि तो परत येत नाही. फिलिंग फुटले, कडेला कीड लागली किंवा पाऱ्याची खरोखर ॲलर्जी असेल, तेव्हा ते बदलण्याचा निर्णय दंतवैद्य घेतील.

दाब किती यापेक्षा कुठे

आता दुसरा प्रश्न. रोजचे जेवण चावताना दाढांवर साधारण पाच ते पंचवीस किलो वजनाइतका जोर पडतो. मुद्दाम कचकचून चावले तर निरोगी प्रौढ माणसाच्या दाढांमध्ये पन्नास ते सत्तर किलोपर्यंत जोर येऊ शकतो. एवढा जोर सोसूनही दात वर्षानुवर्षे टिकतात, कारण भाकरी, भात, भाजी दाबली जाते आणि तो जोर दाढेच्या मोठ्या भागावर पसरतो.

पण तांदळातला एखादा खडा, सुपारीचे खांड, कडक चिक्की किंवा मटणाचे हाड मध्ये आले की तोच जोर टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर येतो. गर्दीच्या लोकलमध्ये कुणाचा सपाट बूट पायावर पडला तर आपण सहन करतो, टोकदार टाच पडली की डोळ्यांत पाणी येते. माणसाचे वजन तेच, जागा लहान. वीस किलोचा जोर एका चौरस मिलिमीटरवर आला तर तिथला दाब सुमारे दोनशे मेगापास्कल होतो.

अशा लहान जागी टेकलेल्या दाबाचा अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झ यांनी १८८१ च्या सुमारास काचेवर केला. गोल, कठीण वस्तू काचेवर दाबली की काच त्या वस्तूच्या बरोबर खाली फुटत नाही. जिथे ती टेकते त्या वर्तुळाच्या कडेला पृष्ठभाग बाजूंना ताणला जातो, आणि चीर तिथून सुरू होते. काच, चिनीमाती, सिमेंट, दाताचे आवरण हे सगळे दाबायला मजबूत पण ताणायला कमकुवत. म्हणून ‘वरून दाब पडला, मग तडा बाजूला कसा?’ याचे उत्तर ताणात आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत ब्रायन लॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून हीच पद्धत दातांच्या साहित्याला लावली. दात चावतो तेव्हा जे घडते त्याची नक्कल म्हणून त्यांनी कठीण गोळी साहित्याच्या थरावर पुन्हा पुन्हा दाबली. या प्रकारच्या प्रयोगांतून नुकसानीचे तीन मार्ग स्पष्ट झाले, आणि तिन्ही रुग्णाने समजून घेण्यासारखे आहेत.

तडा जाण्याचे तीन मार्ग

*पहिला : वरून जाणारी चीर.* सायन-पनवेल महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा गाडीच्या काचेवर बसतो आणि बारीक गोल खूण उमटते. ठिसूळ, काचेसारख्या साहित्यात, उदाहरणार्थ पोर्सेलीनच्या कॅपमध्ये, असेच होते. खूण लहान असते, पण ती आत शंकूसारखी उतरते. दात नुसते टेकण्याऐवजी एकमेकांवर घासले गेले तर मागच्या बाजूचा ताण वाढतो आणि कमी जोरातही चीर पडते. झोपेत दात खाणाऱ्यांचे फिलिंग आणि कॅप लवकर का जातात, त्याचे हे एक कारण.

*दुसरा : आतला चुरा.* काही साहित्यांत एक मोठी चीर पडत नाही. टेकण्याच्या जागेखाली असंख्य सूक्ष्म भेगा साठत जातात. बाहेरून फिलिंग ठीक दिसते, पण प्रत्येक चाव्यागणिक आतली वीण सैल होत असते. एक दिवस पोळी खातानाच तुकडा निघतो आणि रुग्ण म्हणतो, “काही कडक खाल्लेच नव्हते.” ते खरेच असते. शेवटच्या घासाने फक्त आधीचे काम पूर्ण केलेले असते.

*तिसरा : खालून येणारा तडा.* घरात फरशी बसवताना खाली माल नीट भरला नाही की ती फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते. त्यावर कॉटचा पाय आला की ती तडकते. तडा वरून दिसतो, पण सुरुवात खालच्या बाजूने होते, कारण फरशी खाली वाकते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. दातातही वरचे आवरण कठीण आणि आतले डेंटीन त्यापेक्षा बरेच मऊ असते. मऊ पायावर ठिसूळ, पातळ थर बसवला की तो असाच वाकतो.

या तिसऱ्या मार्गात जाडीचे गणित फार कडक आहे. असा थर तडकायला लागणारा जोर साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जाडी दोन मिलिमीटरवरून एक मिलिमीटर केली तर ताकद निम्मी न राहता जवळपास पाव होते. दंतवैद्य जेव्हा म्हणतात, “कॅपला जागा करण्यासाठी दाढ थोडी घासावी लागेल,” तेव्हा त्यामागे हे कारण असते. “कमीत कमी घासा” ही रुग्णाची इच्छा योग्यच आहे, पण पातळ कॅप तोंडात तडकणे हेही नुकसानच. अशा वेळी ‘पातळ थरात कोणते साहित्य चालेल?’ हा प्रश्न अधिक उपयोगी.

लाळ आणि वेळ

तोंड हे कायम ओले ठिकाण आहे. काचेच्या अंशात चीर पडली की पाणी तिच्या टोकाशी पोहोचते आणि तिथले रासायनिक बंध हळूहळू तोडते. त्यामुळे एका झटक्यात फुटायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा बऱ्याच कमी जोरात, पण वारंवार दाबल्याने, चीर पुढे सरकत राहते. चावताना चिरेतले पाणी दाबले जाते, तेही पाचरीसारखे काम करते.

प्रयोगशाळेत चावण्याची नक्कल करणारी यंत्रे वापरतात. तिथे सुमारे अडीच लाख चावे म्हणजे एक वर्ष असा हिशेब धरला जातो. दहा वर्षांचे पंचवीस लाख झाले. गरम चहानंतर थंड पाणी प्यायलो की दात आणि फिलिंग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आक्रसतात, तो ताण वेगळा. त्यामुळे ‘फिलिंग आयुष्यभर टिकेल’ असे आश्वासन कुणी देऊ नये आणि कुणी मागूही नये.

कोणते साहित्य कसे वागते

चांदी (अमाल्गम). ठिसूळच, पण सततच्या दाबाखाली किंचित सरकते, म्हणून थोडी चूक सोसून घेते. भरताना थोडी लाळ लागली तरी काम होते. मात्र ती दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते. मोठे चांदीचे फिलिंग असलेल्या दाढेच्या भिंती एकमेकींपासून सुट्या पडतात आणि वर्षांनंतर एखादी भिंत तुटते. चांदी टिकली आणि दाढ मोडली, असे दृश्य दंतवैद्यांना नवे नाही.

कंपोझिट. रेझिनमध्ये काचेची बारीक पूड मिसळून केलेले, दातासारख्या रंगाचे. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी शोधलेल्या आणि १९६२ मध्ये पेटंट मिळालेल्या रेझिनवर आजची बहुतेक कंपोझिट उभी आहेत. हे दाताला चिकटते, म्हणून खड्डा लहान ठेवता येतो आणि उरलेल्या भिंती धरून ठेवल्या जातात. अडचण अशी की निळ्या प्रकाशाने घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आक्रसते. म्हणून ते साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात. जाड थरासाठी बनवलेले प्रकारही आता आहेत. भरताना लाळ लागली तर चिकटणे बिघडते. मग ती पोकळ फरशीच झाली.

ग्लास आयोनोमर. लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९ च्या सुमारास शोधलेले सिमेंट. दाताला रासायनिकरीत्या चिकटते, फ्लोराइड सोडते, स्वस्त आहे. पण चीर रोखण्याची ताकद कंपोझिटपेक्षा बरीच कमी. दुधाचे दात, हिरडीजवळची झीज, लहान खड्डे, तात्पुरते भरणे यासाठी उत्तम. ज्या मोठ्या दाढेवर पूर्ण चावा येतो तिथे एकटे ते कमी पडू शकते. त्याचे सुधारित, घट्ट प्रकार या बाबतीत थोडे बरे आहेत.

पोर्सेलीन, इतर सिरॅमिक आणि झिरकोनिया. हे फिलिंगपेक्षा कॅप किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या तुकड्यासाठी. झिरकोनिया यात सर्वांत चिवट. पण ‘झिरकोनिया आहे, काही होणार नाही’ हे अर्धसत्य आहे. दिसायला छान म्हणून त्यावर पोर्सेलीनचा थर दिला असेल तर तो थर निघू शकतो. मागच्या दाढेसाठी संपूर्ण झिरकोनियाची कॅप आहे की वर थर दिलेला आहे, हे जरूर विचारा.

रुग्णांवरचा अभ्यास काय सांगतो

प्रयोगशाळेतला गोळीचा दाब आणि माणसाचे तोंड यांत अंतर आहे, म्हणून रुग्णांवरचे पुरावे बघायला हवेत. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात मागच्या दातांतील कंपोझिट आणि अमाल्गम यांची तुलना केली आहे. कंपोझिट निकामी होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. पण त्याचे मुख्य कारण फिलिंगच्या कडेला नव्याने लागलेली कीड हे होते. फिलिंग मोडण्याच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही. पुराव्याची खात्री कमी आहे असे आढावा घेणाऱ्यांनीच म्हटले आहे. त्यातले मोठे प्रयोग मुलांवर आणि जुन्या कंपोझिटवर झाले होते.

म्हणजे ‘पांढरे सिमेंट तुटते’ ही समजूत जशीच्या तशी खरी नाही. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांत कंपोझिट निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे दिसतात. कडेची कीड हे एक, आणि फिलिंग किंवा दात मोडणे हे दुसरे. दोन्हींचा उगम एकाच ठिकाणी असू शकतो. जिथे फिलिंग आणि दात मिळतात ती कड. तिथे चिकटणे नीट झाले नाही, किंवा समोरच्या दाताचे टोक नेमके त्या रेषेवर आपटत राहिले, तर सूक्ष्म फट पडते. अन्नकण आणि जंतू तिथे आसरा घेतात. मोठ्या आवाजात तुकडा पडला तर तुम्ही त्याच दिवशी दवाखान्यात जाता. ही फट मात्र महिनोन्महिने आवाज करत नाही.

दवाखान्यात काय विचाराल

दंतवैद्यांची परीक्षा घेण्यासाठी नव्हे, तर आपला खर्च योग्य जागी व्हावा म्हणून हे प्रश्न विचारा.

- “खड्डा केवढा आहे? फिलिंग पुरेल की वरून झाकणारे काही लागेल?” दाढेच्या भिंती पातळ राहिल्या असतील, विशेषतः रूट कॅनलनंतर, तर मोठे फिलिंग भरून पैसे वाचत नाहीत. दाढ उभी चिरली तर ती काढावी लागू शकते.
- “दात कोरडा कसा ठेवणार?” दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, किंवा कापूस आणि लाळ ओढणारी नळी वापरतात. पडदा लावल्यावर थोडे अवघडल्यासारखे होते, पण सहकार्य करा.
- “चावा तपासलात का?” भरून झाल्यावर निळा किंवा लाल कागद दातांमध्ये ठेवून चावायला सांगतात. जिथे ठिपका गडद उमटतो तिथे जास्त जोर आहे. नुसते सरळ चावू नका, जबडा डावीउजवीकडे सरकवूनही दाखवा.

इंजेक्शनमुळे जबडा बधिर असताना चावा नीट कळत नाही. घरी गेल्यावर, बधिरपणा उतरल्यावर, ती दाढ इतरांआधी टेकते असे वाटले तर दुसऱ्या दिवशी फोन करा. पाच मिनिटांत ते घासून बरोबर करता येते. एका उंच बिंदूवर संपूर्ण जबड्याचा जोर येऊ देणे म्हणजे आपणहून तड्याला आमंत्रण.

चांदी भरली असेल तर ती पूर्ण घट्ट व्हायला सुमारे एक दिवस लागतो, तोवर त्या बाजूने कडक खाऊ नका. ग्लास आयोनोमरलाही पहिला दिवस जपा. कंपोझिट प्रकाशाने तिथेच घट्ट होते, तरी बधिरपणा उतरेपर्यंत खाणे टाळा, गाल चावला जातो.

दाताबाहेरची कारणे

फिलिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष नेहमी साहित्याचा किंवा दंतवैद्यांचा नसतो. फॅमिली डॉक्टर म्हणून मी या गोष्टी विचारतो.

- झोपेत दात खाणे. सकाळी जबडा आखडलेला, कानशिले दुखतात, शेजारी झोपणाऱ्याला आवाज येतो. नैराश्य किंवा चिंतेसाठीच्या काही औषधांनी हे वाढू शकते. औषध स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. जोरात घोरणे आणि दिवसा पेंग येणे सोबत असेल तर झोपेतील श्वासाची तपासणी लागू शकते. दंतवैद्य रात्री घालायचे संरक्षक आवरण बनवून देतात.
- आम्लपित्त. रात्री घशाशी आंबट पाणी येत असेल तर दाताचे आवरण मऊ होते आणि फिलिंगच्या कडा उघड्या पडतात. उलटी किंवा आंबट ढेकर आल्यावर लगेच ब्रश करू नका. आधी पाण्याने चूळ भरा.
- कोरडे तोंड. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्याची काही औषधे, अनियंत्रित मधुमेह, डोके-मानेला दिलेले रेडिएशन यांमुळे लाळ कमी होते आणि कडेची कीड वेगाने वाढते.
- सुपारी. कठीण, लहान आणि तासन्‌तास चघळली जाणारी. वर सांगितलेले तिन्ही मार्ग ती एकटी उघडते. पण दाताचे नुकसान हे तिचे लहान नुकसान. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. तोंड कमी उघडू लागले असेल, तिखट झोंबत असेल, तर फिलिंगची चिंता नंतर, आधी तोंड तपासून घ्या.

याशिवाय दाताने बाटलीचे झाकण उघडणे, बर्फ फोडणे, नळी किंवा हाड फोडणे, पेन चावणे या सवयी सोडा. तांदूळ आणि डाळ निवडण्याची आजीची शिस्त दाढांच्याही फायद्याची होती.

तडा गेला आहे हे कसे ओळखाल

फिलिंगचा तुकडा पडला, जिभेला धार लागली, तिथे अन्न अडकू लागले, दोरा वापरताना उसवू लागला, तर उघडच आहे. पण दाताला गेलेला तडा फसवतो. १९६४ मध्ये अमेरिकी दंतवैद्य कॅमेरॉन यांनी या तक्रारीला तडकलेल्या दाताचे लक्षणसमूह असे नाव दिले. त्याची खूण म्हणजे चावताना, आणि विशेषतः चावा *सोडताना*, क्षणभर तीव्र कळ. थंड पाणी झोंबते. एक्स-रेमध्ये असा तडा बरेचदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून दुखणे मनाचे ठरवू नका. दंतवैद्य एकेका टोकावर चावायला लावून किंवा प्रकाश टाकून ते शोधतात.

तुकडा पडला तर:

- कोमट पाण्याने चूळ भरा, त्या बाजूने चावू नका. एक-दोन दिवसांत दंतवैद्यांकडे जा. फेविक्विकसारखे काही लावू नका, लवंगतेलाचा बोळा हिरडीवर दाबून ठेवू नका.
- तुकडा गिळला गेला तर बहुतेक वेळा तो शौचावाटे निघून जातो. चांदीचा असला तरी घट्ट झालेल्या तुकड्यातून पोटात फारच थोडा पारा शोषला जातो.
- तुकडा पडल्यावर ठसका लागून खोकला थांबत नसेल, घरघर किंवा धाप लागली तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. लगेच रुग्णालयात जा.
- गालाला किंवा गळ्याला सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वासाला त्रास ही पसरलेल्या संसर्गाची लक्षणे आहेत. केमिस्टकडून अँटिबायोटिक घेऊन थांबू नका.
- चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, थांबल्यावर कमी होतो, सोबत घाम किंवा छातीत दडपण असेल तर ते दाताचे नसून हृदयाचे असू शकते. आधी ईसीजी.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा पूर्वी झडपेला संसर्ग झाला असेल, तर दाताच्या कोणत्याही कामाआधी दंतवैद्यांना तसे सांगा.

२०३४ पर्यंतचा खरा प्रश्न

शहरातल्या बहुतेक खाजगी दवाखान्यांत आज दातासारख्या रंगाचेच फिलिंग केले जाते. त्यामुळे वाशी किंवा नेरुळच्या रुग्णाला २०३४ चा फरक फारसा जाणवणार नाही. जाणवेल तो जिथे चांदी अजून उपयोगी पडते तिथे. चांदी स्वस्त आहे, थोडा ओलावा चालवून घेते, तिला प्रकाशाचे यंत्र लागत नाही आणि वेळही कमी लागतो. कंपोझिटला कोरडा दात, वीज, चिकटवण्याचे टप्पे आणि सरावलेला हात लागतो. गर्दीच्या सरकारी ओपीडीत एका रुग्णाला तेवढा वेळ मिळाला नाही, तर दोष कंपोझिटला दिला जाईल आणि दात रुग्णाचा जाईल. पाऱ्यावरची बंदी योग्य आहे, पण तिच्यासोबत वेळ, उपकरणे आणि प्रशिक्षण आले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अपघात वगळता दातांचा खर्च देत नाहीत, हेही याच चर्चेत यायला हवे.

दरम्यान मार्ग आहेत. टांझानियात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या पद्धतीत ड्रिल न वापरता, हाताच्या उपकरणांनी मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर भरतात. लहान खड्ड्यांसाठी ती जगभर वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमरचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. नेरुळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे या पट्ट्यात दंत महाविद्यालये आहेत. तिथल्या ओपीडीत वरिष्ठांच्या देखरेखीखाली, खाजगी दवाखान्याच्या तुलनेत कमी खर्चात काम होते. वेळ जास्त लागतो, पण वर वाचलेत तसे या कामात वेळ लागणे वाईट नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र फिलिंगच्या आधीचा आहे. खड्डा लहान असतानाच भरला तर समोरच्या दाताचा चावा बहुतांशी आवरणावरच टेकतो आणि फिलिंगवर जोर येतच नाही. मग साहित्य कोणते हा प्रश्नही बराच सौम्य होतो. रात्री झोपताना फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने ब्रश करा, दोन जेवणांच्या मधले गोड कमी करा, आणि दाढ दुखत नसतानाही वर्षातून एकदा दंतवैद्यांना दाखवा. जुनी चांदी असेल तर त्या भेटीत तिच्या कडा तपासायला सांगा. ठीक असेल तर तिला राहू द्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दातांबाबतचा निर्णय तुमच्या दंतवैद्यांच्या प्रत्यक्ष तपासणीनंतरच घ्या.*